पांढऱ्या पेशी कामानुसार वेगळ्या करताना: शुद्धता ९५ टक्के, तरी निकाल बिघडतो तो का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. निरोगी दात्यांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी कामानुसार गटांत वेगळ्या करायच्या आहेत. फायकॉल या ठरावीक घनतेच्या द्रावणावर पीबीएमसीचा (रक्तातल्या एककेंद्रकी पेशींचा, म्हणजे लिम्फोसाइट आणि मोनोसाइट यांचा) थर नीट मिळतो आणि त्यातून सीडी४ (मदतनीस टी पेशींची खूण) व सीडी८ (मारेकरी टी पेशींची खूण) या पृष्ठभागावरच्या रेणूंना चिकटणाऱ्या चुंबकी मण्यांनी दोन गट काढले आहेत. एकेक पेशी रंगावरून मोजणाऱ्या फ्लो सायटोमीटरवर दोन्हींची शुद्धता ९५ टक्क्यांहून जास्त दिसते. तरीही उत्तेजन दिल्यावर सीडी४ च्या वेलमध्ये (प्लेटच्या खळग्यात) इंटरल्यूकिन-१ बीटा हे सायटोकाइन (पेशींनी सोडलेलं निरोप देणारं प्रथिन) सापडतं आणि सीडी८ चा गट के५६२ या प्रयोगशाळेत वाढवलेल्या कर्करोगपेशींना मारतो. शिवाय निकाल दात्यागणिक बदलतो. मग पद्धत चुकते आहे का, सॉर्टरच (रंगवलेल्या खुणा पाहून एकेक पेशी वेगळी करणारं यंत्र) वापरावा का, आणि गट खरोखर कामानुसार वेगळे झाले हे कशावरून म्हणायचं?

सॉर्टरकडे वळण्याआधी या दोन खुणांकडे नीट पाहा, कारण निम्मं उत्तर त्यांच्यातच आहे. सीडी४ हा रेणू फक्त मदतनीस टी पेशींवर नसतो. रक्तातल्या मोनोसाइटवरही तो असतो, फक्त टी पेशींपेक्षा बराच कमी. पीबीएमसीत मोनोसाइट साधारण १० ते ३० टक्के असतात. सगळ्या पीबीएमसीवर थेट सीडी४ चे मणी टाकले की त्यातले काही मोनोसाइट चुंबकाच्या कॉलमात अडकणारच, आणि इंटरल्यूकिन-१ बीटा हे मुख्यतः त्यांचंच उत्पादन. सीडी८ चंही तसंच. एनके पेशी म्हणजे आधी ओळख नसतानाही मारणारे लिम्फोसाइट, आणि त्यांपैकी बऱ्याच जणींवर सीडी८ ची अल्फा साखळी असते. के५६२ पेशींवर एचएलए वर्ग-१ चे रेणू जवळजवळ नसतात, म्हणून सीडी८ टी पेशी त्यांना नेहमीच्या मार्गाने ओळखूच शकत नाहीत. त्यांना मारतात त्या एनके पेशी. म्हणजे तुमच्या चाचणीने तुम्हाला खरं तेच सांगितलं आहे, शुद्धतेच्या आकड्याने मात्र नाही.

मग ९५ टक्के आले कुठून? बहुतेक वेळा गेट (कोणत्या पेशी मोजायच्या ती चौकट) लिम्फोसाइटच्या आकारावर आखलेला असतो. मोनोसाइट मोठे आणि जास्त कणीदार, त्यामुळे ते मोजणीतून आधीच बाहेर पडतात. उरलेल्यांत सीडी४ असलेल्या किती, एवढंच तुम्ही मोजता. वर ज्या रेणूवर मणी बसवले त्याच रेणूने शुद्धता तपासली तर मणी ज्याला चिकटला ते सगळं शुद्धच दिसणार. शुद्धता पाहताना एकमेकींना चिकटलेल्या जुळ्या पेशी वगळून सर्व जिवंत पेशींवर गेट लावा, आकाराची अट काढून टाका, आणि सीडी३ (टी पेशी), सीडी१४ (मोनोसाइट), सीडी१९ (बी पेशी), सीडी५६ (एनके पेशी) हे चारही एकत्र रंगवा. आपल्याला काय हवं आहे यापेक्षा काय नको आहे ते मोजायचं असतं. दोन टक्के मोनोसाइटसुद्धा सायटोकाइनचा निकाल पूर्ण फिरवू शकतात, कारण एक मोनोसाइट जेवढं इंटरल्यूकिन-१ बीटा सोडतो तेवढं टी पेशींची मोठी फौजही सोडत नाही.

पृष्ठभागावरचा रेणू आणि पेशीचं काम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला नव्या माणसाला सर्वात आधी सांगावंसं वाटतं. या क्षेत्राचा इतिहासच तसा आहे. १९७० च्या दशकात मानवी टी पेशी काढायच्या तर मेंढीच्या तांबड्या पेशी वापरत. त्या टी पेशींभोवती चिकटून रोझेट बनतो आणि रोझेटसकट पेशी फायकॉलच्या तळाशी जाते. १९७७ मध्ये अशा टी पेशींचे दोन गट दाखवले गेले: आयजीएम प्रतिपिंडाचा एफसी ग्राहक (प्रतिपिंडाची शेपटी धरणारा रेणू) असलेल्या पेशी बी पेशींना मदत करतात आणि आयजीजीचा ग्राहक असलेल्या त्यांना दाबतात. वर्गीकरण सुबक होतं, प्रयोगही काळजीपूर्वक केलेले होते. पुढे लक्षात आलं की आयजीजी ग्राहकवाल्या गटात मोठा भाग एनके पेशींचाच होता. मेंढीच्या पेशी ज्या सीडी२ रेणूला चिकटतात तो एनके पेशींवरही असतो, आणि तो आयजीजी ग्राहक म्हणजे आज आपण ज्याला सीडी१६ म्हणतो तो. तुमच्या सीडी८ गटात आज जे घडलं तेच तेव्हा घडलं होतं.

त्याच दशकाच्या शेवटी चित्र बदललं. १९७५ मध्ये कोहलर आणि मिलस्टाइन यांनी एकाच प्रकारचा प्रतिपिंड हवा तेवढा बनवण्याची युक्ती दिली. १९७९ मध्ये बॉस्टनमध्ये राइनहर्ट्झ आणि श्लॉसमन यांच्या गटाने अशा प्रतिपिंडाने मानवी टी पेशी विभागल्या आणि लगेच प्रत्येक गट कामाला लावून पाहिला. टी४ (आजचा सीडी४) असलेल्या पेशींनी बी पेशींना मदत केली, नसलेल्यांनी केली नाही. त्या कामाचं वजन आजही आहे ते याचसाठी, की वेगळं करणं आणि काम तपासणं त्यांनी एकाच प्रयोगात बांधलं. तरीही सीडी८ पेशींना पुढे कितीतरी वर्षं 'सप्रेसर' (दाबणाऱ्या) हे बिरुद चिकटून राहिलं. १९९५ मध्ये साकागुची यांनी उंदरात दाखवलं की दाबण्याचं मुख्य काम सीडी४ पैकीच सीडी२५ असलेला एक छोटा गट करतो. नियामक टी पेशींच्या त्या शोधमालिकेला २०२५ चं नोबेल मिळालं.

आता हाताच्या कामाकडे. पहिली पायरी घनतेची. ती तुम्हाला येते असं तुम्ही म्हणता, पण बहुतेक गोंधळ तिथेच सुरू होतात. रक्ताच्या एका मायक्रोलिटरमध्ये चार ते पाच दशलक्ष तांबड्या पेशी आणि पांढऱ्या जेमतेम ४,००० ते ११,०००. हजारात एक. त्या एकातही निम्म्याहून अधिक न्यूट्रोफिल, लिम्फोसाइट २० ते ४० टक्के, मोनोसाइट २ ते ८, इओसिनोफिल थोडे, बेसोफिल एक टक्काही नाही. बॉयम यांनी १९६८ मध्ये नॉर्वेत बसवलेली पद्धत आजही तशीच चालते: १.०७७ ग्रॅम प्रति मिली घनतेचं द्रावण, त्यावर पातळ केलेलं रक्त, ४०० जी वर (गुरुत्वाच्या ४०० पट जोराने) ३० ते ४० मिनिटं फिरवणं. तांबड्या पेशी आणि ग्रॅन्युलोसाइट (न्यूट्रोफिल, इओसिनोफिल, बेसोफिल) खाली जातात, एककेंद्रकी पेशी सीमेवर पांढुरक्या पट्ट्यात थांबतात.

या पायरीत तापमान सर्वात जास्त दगा देतं. १.०७७ हा आकडा २० अंशांचा आहे. द्रावण फ्रिजमधून काढून लगेच वापरलं की त्याची घनता वाढलेली असते, मग ग्रॅन्युलोसाइट पुरेसे खाली जात नाहीत आणि पट्ट्यात मिसळतात. रक्तही खोलीच्या तापमानाचं हवं. रक्ताचा थर चढवताना ट्यूब तिरपी धरा, पिपेटचं टोक काचेला टेकवा आणि धार इतकी हळू सोडा की दोन थरांमधली रेघ आरशासारखी स्वच्छ राहील. सेंट्रिफ्यूजचा ब्रेक बंद ठेवा. फिरून झाल्यावर पट्टा उचलताना हात आवरता घ्यावा लागतो. पट्ट्याखालचं द्रावण जास्त ओढलं की ग्रॅन्युलोसाइट येतात, वरचा प्लाझ्मा जास्त ओढला की प्लेटलेट. नंतरच्या दोन धुण्यांपैकी एक मंद, २०० जी वर १० मिनिटं असावी, म्हणजे प्लेटलेट वरच्या द्रवात राहून जातात. प्लेटलेट मोनोसाइटना चिकटून बसतात आणि त्यांचे रेणू मोनोसाइटचे म्हणून मोजले जातात, त्यामुळे ही धुणी टाळू नका.

रक्त किती जुनं आहे हेही विचारा. रात्रभर ठेवलेल्या रक्तात न्यूट्रोफिलची घनता घटते आणि ते पीबीएमसीच्या थरात चढतात. तिथे ते टी पेशींची वाढ दाबतात, आणि बिघडलेला निकाल पाहून आपण दात्याला दोष देतो. दात्यागणिक फरकाचं हे एक अगदी साधं कारण असू शकतं. ल्युपस किंवा सेप्सिसच्या रुग्णांत मात्र ताज्या रक्तातही कमी घनतेचे न्यूट्रोफिल या थरात सापडतात, तिथे ती चूक नसून आजाराचीच खूण असते. न्यूट्रोफिलवरच्या सीडी१५ ने रंगवलं की लगेच कळतं.

ग्रॅन्युलोसाइटविषयी तुम्ही विचारलेलं नाही, पण 'पांढऱ्या पेशी' म्हटलं की बहुसंख्य त्याच, म्हणून दोन शब्द. फायकॉलच्या तळातला गोळा डेक्स्ट्रानमध्ये बसू दिला आणि उरलेल्या तांबड्या पेशी फोडल्या की न्यूट्रोफिल मिळतात. त्यांना थंड ठेवा, कॅल्शियम-मॅग्नेशियम नसलेलं द्रावण वापरा आणि त्याच दिवशी प्रयोग उरका, त्या गोठवून ठेवता येत नाहीत. एंडोटॉक्सिनचा (जिवाणूंच्या कवचातल्या विषाचा) अंशही त्यांना जागं करतो, आणि जाग्या झाल्या की पृष्ठभागावरचा सीडी६२एल गळून पडतो. त्याच गोळ्यातून इओसिनोफिल काढायची रीत मला फार आवडते: न्यूट्रोफिलवर सीडी१६ भरपूर असतो, निरोगी माणसाच्या इओसिनोफिलवर तो जवळजवळ नसतो. सीडी१६ चे मणी टाका, न्यूट्रोफिल चुंबकात राहतात आणि इओसिनोफिल हात न लागता खाली उतरतात.

हीच 'हात न लागता' पद्धत तुमच्या प्रश्नाचा गाभा आहे. हव्या पेशींवर मणी बसवून त्या पकडायच्या, की नको त्या पकडून हव्या मोकळ्या सोडायच्या? पहिली सरळ आहे, दुर्मीळ पेशींसाठी बरी आहे, शुद्धताही चांगली देते. पण प्रतिपिंड रेणूला चिकटला की पेशीला काहीतरी निरोप जाऊ शकतो. सीडी३ वर मणी बसवून टी पेशी काढल्या तर त्यांना उत्तेजनच मिळतं, आणि मग 'विश्रांत टी पेशी' हा शब्द त्यांना लावता येत नाही. सीडी१४ आणि सीडी१९ च्या बाबतीत धोका कमी, पण शून्य नाही. माझा नियम असा आहे की पुढे काम तपासायचं असेल तर नकारात्मक निवड, म्हणजे नको त्या पकडण्याची. पेशींचं फक्त आरएनए किंवा डीएनए काढायचं असेल आणि प्रतिसादाचा प्रश्न नसेल तर सकारात्मक निवड चालते, तीही थंडीत आणि लवकर.

तुमच्या सीडी४ गटासाठी म्हणून सीडी८, सीडी१४, सीडी१६, सीडी१९, सीडी५६, सीडी१२३ आणि गॅमा-डेल्टा ग्राहक (टी पेशींच्या एका वेगळ्या गटाची खूण) यांवरचे प्रतिपिंड एकत्र टाकून बाकी सगळं काढा. सीडी१२३ विसरू नका, प्लाझ्मासायटॉइड डेंड्रायटिक पेशींवर सीडी४ ठळक असतो. सीडी८ गटासाठी सीडी५६ आणि सीडी१६ हे दोन्ही यादीत हवेतच. एक अडचण राहते. काही सीडी८ टी पेशींवरही सीडी५६ असतो आणि त्या बऱ्याचदा मारण्यात पटाईत असलेल्याच असतात. एनके काढताना त्याही जातात. कोणत्या पेशी गमावल्या हे लिहून ठेवलं तर निष्कर्ष त्या मर्यादेत खरा राहतो.

जुन्या पद्धतींपैकी प्लॅस्टिकला चिकटवून मोनोसाइट काढण्याची पद्धत अजून सर्रास वापरतात. ३७ अंशांवर तासभर ठेवलं की ते तळाला धरतात. खर्च नाही, पण चिकटणं हेच मोनोसाइटसाठी उत्तेजन असतं. मॅक्रोफेज वाढवायचे असतील तर ठीक, मोनोसाइटचं मूळ वागणं पाहायचं असेल तर नको.

आता सॉर्टर. तो हवा की नको हे दोन गोष्टींवर ठरतं: हव्या पेशी किती विरळ आहेत, आणि त्यांची खूण 'आहे-नाही' अशी आहे की 'कमी-जास्त' अशी. विरळपणाचं गणित करून पाहा. एक कोटी पेशींत एक टक्का म्हणजे एक लाख हव्या पेशी. तुमची पद्धत उरलेल्या ९९ लाखांपैकी फक्त एक टक्का चुकून घेते असं धरा, तरी ९९ हजार नको त्या पेशी येतात. शुद्धता निम्मी. म्हणून विरळ पेशी एका फेरीत कधी काढू नयेत. आधी मण्यांनी गर्दी कमी करायची, मग सॉर्टर. त्याने सॉर्टरवरचा वेळही वाचतो, आणि तिथल्या दाबातून व धारेतून जाणाऱ्या पेशींसाठी वेळ फार मोलाचा असतो.

कमी-जास्तचं उत्तम उदाहरण नियामक टी पेशी. त्यांची खरी ओळख फॉक्सपी३ ही पेशीच्या आत असते, ती रंगवायला पेशीला भोकं पाडावी लागतात, म्हणजे पेशी मेलीच. जिवंत हव्यात तर बाहेरून ओळखायच्या: सीडी२५ जास्त, सीडी१२७ कमी. पण नुकत्याच जाग्या झालेल्या साध्या सीडी४ पेशींवरही सीडी२५ चढतो, आणि माणसात त्या थोडा वेळ फॉक्सपी३ सुद्धा दाखवतात. इथे चुंबकाला कमी आणि जास्त यातला फरक नीट कळत नाही, गेटची रेघ माणसानेच ओढावी लागते. ती ओढण्यासाठी एकेक रंग वगळलेले नियंत्रण नमुने सोबत ठेवा आणि सीमारेषेवरच्या पेशी सोडून द्या. पेशी कमी मिळाल्या तरी चालतील.

स्मृतिपेशींचं असंच. सीडी४५आरए असला की पेशी कोरी (अजून शत्रूशी गाठ न पडलेली), हे समीकरण सीडी८ मध्ये साफ फसतं, कारण लढून जुन्या झालेल्या मारेकरी पेशींवर तो पुन्हा उगवतो. १९९९ मध्ये सालुस्तो, लांझावेक्किया आणि सहकाऱ्यांनी सीसीआर७ ची जोड दिल्यावर चार कप्पे स्पष्ट झाले. दोन्ही असतील तर कोऱ्या, फक्त सीसीआर७ असेल तर मध्यवर्ती स्मृती, दोन्ही नसतील तर प्रभावी स्मृती, आणि फक्त सीडी४५आरए असेल तर त्या जुन्या मारेकरी. कोऱ्यांच्या कप्प्यातही सीडी९५ असलेल्या थोड्या स्मृतिपेशी दडलेल्या असतात, त्यामुळे प्रश्न नाजूक असेल तर तोही रंग घाला. सीसीआर७ बर्फावर नीट रंगत नाही, ३७ अंशांवर आधी एकटाच रंगवा.

एनके पेशींत सीडी५६ ठळक असलेल्या सायटोकाइन बनवणाऱ्या आणि फिक्या असलेल्या मारणाऱ्या, असं पाठ्यपुस्तकात असतं. इंटरल्यूकिन-१२ आणि १८ देऊन पाहिलं तर ते खरं आहे. पण लक्ष्यपेशी समोर ठेवली तर फिक्या गटातल्या पेशीही झपाट्याने इंटरफेरॉन गॅमा बनवतात. म्हणजे गटाचं 'काम' हे तुम्ही त्याला काय विचारता यावरही ठरतं. एकाच उत्तेजनावरून गटाला नाव देऊ नये असं मी म्हणते ते याचमुळे.

शेवटचा प्रश्न, गट कामाने वेगळे आहेत हे कसं दाखवायचं? माझ्या मते तीन गोष्टी एकत्र लागतात. वेगळा केलेला गट ते काम करतो. तो गट काढून घेतल्यावर उरलेल्या पेशी ते काम करत नाहीत किंवा कमी करतात. आणि तो गट परत मिसळला की काम परत येतं, तेही मिसळलेल्या प्रमाणात. बहुतेक जण पहिल्यावरच थांबतात. दुसऱ्या आणि तिसऱ्याशिवाय भेसळीची शंका मिटत नाही. तुमच्या बाबतीत हे करणं अगदी सोपं आहे. स्वच्छ सीडी४ गटात एक, दोन, पाच टक्के मोनोसाइट मुद्दाम मिसळा आणि इंटरल्यूकिन-१ बीटा मोजा. ती रेघ हाती आली की आधीच्या वेलमध्ये किती मोनोसाइट होते याचा अंदाज तुम्ही मागे जाऊन बांधू शकता, आणि आधीचे प्रयोग फेकून न देता त्यांचा अर्थ लावू शकता. सीडी८ गटात एनके मिसळून के५६२ वर तसंच करा.

खुणा बाजूला ठेवून थेट कामावरून पेशी काढण्याचेही मार्ग आहेत, आणि मला ते जास्त प्रामाणिक वाटतात. दोन तोंडांच्या प्रतिपिंडाचं एक तोंड पेशीला आणि दुसरं सायटोकाइनला धरतं. पेशीने सोडलेलं इंटरफेरॉन तिच्याच अंगावर अडकतं, मग ती जिवंत सॉर्ट करता येते. मारणाऱ्या पेशी कणिका बाहेर टाकतात तेव्हा सीडी१०७ए पृष्ठभागावर येतो, तोही धरता येतो. सीएफएसई रंग दर विभाजनाला निम्मा होतो, त्यावरून विभागलेल्या आणि न विभागलेल्या पेशी वेगळ्या निघतात. या सगळ्यांत पेशी आधीच कामाला लागलेली असते हे मात्र लक्षात ठेवा.

पुढच्या फेरीसाठी असं करा: रक्त काढल्यापासून काही तासांतच फायकॉल. ताज्या पेशी वापरा. गोठवलेल्याच वापराव्या लागल्या तर सीडी६२एल वर विसंबू नका, तो गोठवल्यावर घटतो. बफरमध्ये २ मिलिमोलर ईडीटीए आणि थोडा अल्ब्युमिन. मेलेल्या पेशी प्रत्येक प्रतिपिंडाला चिकटतात, त्यांच्यासाठी वेगळा रंग ठेवाच. मोनोसाइट उरले असतील तर एफसी ग्राहक आधी अडवा. नकारात्मक निवडीनंतर पेशी लगेच उत्तेजित न करता रात्रभर माध्यमात विसावू द्या. आणि प्रत्येक दात्याची, कोणतीही निवड न केलेल्या पीबीएमसीची एक ट्यूब शेवटपर्यंत सोबत चालवा. तीच धुणी, तोच वेळ, तेच उत्तेजन. ती ट्यूबही दात्यागणिक तशीच बदलत असेल तर फरक माणसामाणसातला आहे. ती स्थिर राहून फक्त गट बदलत असतील तर निवडीची पायरी पुन्हा तपासा, सुरुवात फायकॉलच्या तापमानापासून.